पेटीत अडकलेला ब्राउझर

शिरवण्यातलं आमचं घर चार मजल्यांचं होतं, पण त्याचा आवाज पाच मजल्यांचा होता. वरच्या तीन मजल्यांवर भाडेकरू, प्रत्येकाची भाषा वेगळी आणि प्रत्येकाच्या कुकरची शिटी वेगळ्या सुरात, खाली आम्ही. सकाळी कंपन्यांचा भोंगा व्हायचा म्हणे, पण आमच्या गल्लीत तो कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही, कारण नेमकी त्याच वेळी आजी ओट्यावर बसून मासळीवालीशी भांडत असायची. कोलंबीच्या वाट्यावरून आजीचा आवाज चढला की समोरच्या आंब्यावरचे कावळे उठून नेरूळ स्टेशनच्या छपरावर जाऊन बसायचे. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर बेलापूरला नेऊन बसवले असते.

माझं नाव काजल, वय मात्र कुणी विचारू नये. माणसाच्या वर्षांत मोजलं तर फार नाही, पण मी ज्या यंत्रांबरोबर वाढले त्यांच्या वर्षांत मोजलं तर मी कधीच पणजी झालेय. तेव्हा वापरलेली एकही गोष्ट आज जिवंत नाही, चार्जरसुद्धा नाही. म्हणून हे सगळं आत्ताच लिहून ठेवावं म्हटलं. शिवाय नानाकाका ही गोष्ट हल्ली प्रत्येक हळदीत स्वतःच्या नावावर सांगतात.

आधी आबा. आबा म्हणजे माझे आजोबा. आमच्या बोलीत आजोबांनाही तूच म्हणतात. लिहायला बसलं की मात्र हात आपोआप नमस्कार करतो. आबांची शेती सिडकोत गेली तेव्हा गावातल्या बाकीच्यांनी बिल्डिंगी बांधल्या, आबांनी बिल्डिंग तर बांधलीच, पण आधी क्रिकेटची टीम बांधली. आमच्या पट्ट्यात टेनिस बॉलचं क्रिकेट हा खेळ नाही, कुळाचार आहे. थंडी पडली की गावोगावी मंडप लागतात, भोंग्यावर आगरीतून कॉमेंट्री सुरू होते आणि देवाचा नवस राहिला तरी चालेल पण मॅच राहता कामा नये अशी परिस्थिती येते. आबा बाउंड्रीलाइनजवळ काळी छत्री उघडून उभे राहायचे. ऊन असो नसो. समोरच्या टीमचे फिल्डर त्या छत्रीला घाबरून कॅच सोडायचे असं आबा सांगत, आणि सुटलेल्या कॅचांची संख्या बघता मला ते खरं वाटतं. ही गोष्ट घडली त्या वर्षी माझा सख्खा भाऊ, ज्याला अख्खं गाव दादूस म्हणायचं, तो टीममध्ये आला आणि टीम पनवेलकडच्या एका मोठ्या स्पर्धेच्या फायनलला पोचली. आणि बरोबर त्याच आठवड्यात आबा ओट्यावर सांडलेल्या मासळीच्या पाण्यावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले.

डॉक्टरांनी सांगितलं, हलायचं नाही. आबांनी ऐकून घेतलं आणि डॉक्टर दाराबाहेर पडताच म्हणाले, "नान्या, फायनलला टेम्पो हान. मागं गादी टाक. मी झोपून बगीन."

नानाकाका म्हणजे माझ्या पप्पांचे थोरले भाऊ. त्यांचा कळंबोलीला लोखंडाचा धंदा. अँगल, पत्रे, पाइप. नानाकाकांचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता, की जगातली कुठलीही वस्तू लोखंडाची केली की सुधारते. आमच्या तुळशीवृंदावनाला लोखंडी ग्रिल होतं. टेम्पोत वडिलांना घालून खड्ड्यांतून नेणं म्हणजे मोडलेल्या हाडाचा भुगा करणं हे त्यांना कळत होतं, पण आबांना नाही म्हणायची ताकद लोखंडातही नव्हती. आजी चुलीपुढे बसून भाकरी थापत होती आणि प्रत्येक भाकरीवर जरा जास्तच जोराने हात मारत होती. "जा," ती तव्याला म्हणाली. "जा टेम्पोत. परत येशील तो पोत्यात येशील."

तेव्हा मी तोंड उघडलं. माझं तोंड हे आमच्या घरातलं सगळ्यात धोकादायक उपकरण होतं. मी म्हणाले, "आबा, तू हलू नको. मी मॅच टीव्हीवर दाखवते."

हे बोलायला माझ्याकडे आधार होता, हिरव्या रंगाचा, पत्त्याच्या कॅटएवढा. तिसऱ्या मजल्यावर साताऱ्याचा एक इंजिनीअर भाड्याने राहायचा. तो बेंगळुरूला जाताना हा छोटा कॉम्प्युटर मला देऊन गेला होता. नुसता एक बोर्ड, त्यावर रांगोळीसारख्या बारीक रेघा, कडेला वायरी खुपसायच्या खाचा. टीव्हीला जोडला की पडद्यावर सिनेमांच्या चित्रांच्या रांगा यायच्या आणि हार्डडिस्कवर भरून ठेवलेलं सगळं बघता यायचं. आम्ही भरून काय ठेवलं होतं? हळदी. आमच्याकडे लग्न एकदा होतं, पण हळदीचं शूटिंग जन्मभर बघतात. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, आणि समोर कुठल्यातरी मावसभावाची हळद, त्यात नाचणारे निम्मे लोक आमच्याच हॉलमध्ये बसून स्वतःला शिव्या देतायत, अशी आमची संध्याकाळ असे.

इंटरनेट मात्र त्या बोर्डाला कुणी कधी लावलंच नव्हतं. आणि फायनल दिसणार होती फक्त आयोजकांच्या वेबसाइटवर. वेबसाइट म्हणजे ब्राउझर हवा, आणि त्या बोर्डात ब्राउझर नव्हता. तो बिचारा सिनेमे दाखवायला जन्मलेला. मोबाईलवर बघा म्हटलं तर आबांच्या मोतीबिंदूला ते मान्य नव्हतं. "मोबाईलमदी मना अकरा मुंग्या दिसतात," ते म्हणायचे, "त्यातली आपली मुंगी कनची, कोन सांगनार?" घरातला एकुलता लॅपटॉप आतेभाऊ पुण्याला घेऊन गेला होता. तेव्हा ब्राउझर बसवणं आलं.

"पोरीचा खेल नाय तो," नानाकाका म्हणाले. "बेलापूरवरून मानूस बोलवतो."

"मानूस बोलव," आबा म्हणाले, "पन आदी पोरीला बगू दे. नाय जमला तर टेम्पो हायेच."

म्हणजे पैज ठरली. माझा ब्राउझर विरुद्ध नानांचा टेम्पो, आणि मध्ये आबांचं हाड.

मी नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कीबोर्ड आणि माउस उचलून आणले. सिनेमांचं चित्र बंद केलं की आत काळी पाटी आणि पांढरी अक्षरं होती. अख्खी गल्ली बघायला जमली. शेजारची सुनंदाकाकी तर कांदा चिरायचा पाट घेऊनच आली. मी पप्पांच्या जुन्या, काच तडकलेल्या मोबाईलवर कुठल्यातरी इंग्रजी पानावरून हुकूम वाचायचे आणि पाटीवर टाइप करायचे: जा, ब्राउझर घेऊन ये. यंत्र जायचं, विचार करायचं, आणि रिकाम्या हाताने परत यायचं. सर्व्हर सापडला नाही. जणू मी त्याला कोथिंबीर आणायला नाक्यावर पाठवलंय आणि ते परत येऊन सांगतंय, नाकाच सापडला नाही. मी पासवर्ड तपासला. राउटर बंद करून चालू केला. वरच्या भाडेकरूंना दम देऊन सगळ्यांचे मोबाईल वायफायवरून काढले. हुकूम इतक्या वेळा टाइप केला की आजीला तो पाठ झाला. ती भाकरी उलटताना इंग्रजी पुटपुटायला लागली. यंत्र प्रत्येक वेळी तेच सांगे. रोज संध्याकाळी मी हरायचे आणि रोज संध्याकाळी नानाकाका टेम्पोत एक उशी वाढवायचे.

आता इथे पेटीची ओळख करून दिली पाहिजे. तो बोर्ड घरी आला तेव्हा नानाकाकांना त्याचं उघडं अंग बघवेना. उंदीर कुरतडतील, भाडेकरूंची पोरं पळवतील. म्हणून त्यांनी कळंबोलीला स्वतः उभं राहून त्याच्यासाठी पेटी वेल्ड करून घेतली. बोर्ड पत्त्याच्या कॅटएवढा, पेटी दोन बर्नरच्या शेगडीएवढी. जाड पत्रा, बिजागरीचं झाकण, वायरींसाठी मागे दोन बोटं जातील एवढं भोक (कीबोर्ड मी त्यातूनच जोडला होता), पुढे कुलूप, आणि कुलपाची किल्ली नानांच्या गळ्यातल्या सोन्याच्या गोफात. त्या पेटीवरून ट्रक गेला असता तर ट्रक पंक्चर झाला असता. टीव्हीखाली ती अशी बसली होती की नवा पाहुणा आधी तिलाच नमस्कार करायचा.

फायनलचा रविवार उगवला. दादूस पहाटेच टीमबरोबर गेला. जाताना आबांच्या पाया पडला आणि आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पप्पा, आई आणि गावातले निम्मे लोक बसने गेले. दुपार झाली. आजीने चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं, पण कुणी नांगी फोडली नाही. आमच्या घरात चिंबोरीची नांगी अख्खी राहणं हे मयताच्या घरातसुद्धा झालेलं नाही. बाहेर टेम्पोचं इंजिन सुरू होतं. मी काळ्या पाटीपुढे बसून तोच हुकूम पुन्हा पाठवला आणि तेच उत्तर वाचलं.

"चल," नानाकाका म्हणाले. "पोरांनू, आबाला उचला."

तेवढ्यात त्यांच्या मोबाईलवर कुणाचा तरी फोन आला. कळंबोलीचं गिऱ्हाईक असावं, वैतागलेलं. नानाकाका ओरडून बोलत होते, कारण ते फोनवर नेहमी अंतराच्या हिशोबाने ओरडत. "अरे लागंल कसा? सकाली गोदामात व्हतो मी! चारी बाजूला पत्रा लावलाय, आत गेल्यावर रेंज मरते, तुना म्हाईत नाय काय?"

मी कीबोर्डवरून हात उचलले. पेटीकडे बघितलं. नानांकडे बघितलं. पुन्हा पेटीकडे बघितलं. चारी बाजूला पत्रा.

"नाना," मी म्हणाले, "किल्ली दे."

"कनाला?"

"तुझ्या गोदामात माझा बोर्ड कोंडलाय. त्याची रेंज मेलेय."

नानाकाकांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या पोटच्या पोरावर चोरीचा आळ घेतलाय. ते पेटीपुढे उभे राहिले. "या पेटीत काय खोट नाय. कलंबोलीचा माल हाय यो!"

"खोट नाही रे नाना. जरा जास्तच चांगली झालीय."

"नान्या," पलंगावरून आबा म्हणाले, आणि मांडी मोडल्यापासून पहिल्यांदा तो बाउंड्रीलाइनवरचा आवाज निघाला. "किल्ली दे पोरीला."

गोफातून किल्ली निघेना, तेव्हा नानांनी मान खाली घालून गोफासकट कुलपाला लावली. एवढं सोनं घालून कुठल्या कॉम्प्युटरचं कुलूप उघडलं गेलं असेल असं मला वाटत नाही. मी बोर्ड बाहेर काढला. पंखा नसलेल्या त्या तुरुंगात तो भाकरीच्या तव्यासारखा तापला होता. आता त्याला ठेवायचं कुठे? आजी उठली, खुंटीवरची सुक्या बोंबलांची बांबूची टोपली काढली, बोंबील पदरात ओतून घेतले आणि टोपली माझ्यापुढे धरली. मी बोर्ड टोपलीत ठेवला, वायरी बांबूच्या फटींतून बाहेर काढल्या आणि हुकूम टाइप केला.

पांढरी अक्षरं धावायला लागली. एक ओळ, दुसरी, मग इतक्या ओळी की वाचता येईनात. काळ्या पाटीवर चांदीचे मासे जाळ्यात उड्या मारावेत तशी. ब्राउझर येत होता! बोंबलांच्या वासातून, बांबूच्या फटींतून, राउटरपासून टोपलीपर्यंत तो येत होता. सुनंदाकाकी टाळ्या वाजवायला लागली, मग तिला बघून सगळे. काय घडतंय ते मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं, आणि मलाही थोडंच माहीत होतं. बाहेर टेम्पोचं इंजिन बंद झालं. अजूनही कुठलं यंत्र मी सुरू करते आणि ते पहिल्यांदा होकार देतं, तेव्हा माझ्या नाकाला बोंबलांचा वास येतो. ऑफिसमधल्या लोकांना मी हे सांगत नाही.

ब्राउझर बसला तेव्हा पहिला डाव संपून गेला होता. आपल्या पोरांनी बऱ्यापैकी धावा केल्या होत्या, आता समोरच्यांना रोखायचं होतं. मी साइट उघडली. चित्र आधी भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं होतं, मग सुकत गेलं. हिरवं मैदान, मंडप, आणि लाँगऑनला उभा, कमरेवर हात ठेवलेला, दादूस. पन्नास इंची दादूस! आबा कोपरावर उठले. डॉक्टरांनी बघितलं असतं तर तिथेच राजीनामा दिला असता. बोर्डाच्या जिवाला तो भार झेपेना, तो तापायला लागला, चित्र अडखळायला लागलं. आजी विंझणा घेऊन टोपलीशेजारी बसली आणि बाळंतिणीला घालावा तसा त्याला वारा घालायला लागली.

आणि मग सुनंदाकाकी किंचाळली, "आउट! गेला रं गेला!"

पडद्यावर बॉलर अजून बुटाची नाडी बांधत होता.

सगळे काकीकडे बघायला लागले. काकीच्या कानाला मोबाईल होता, तिचा मुलगा मैदानातून बोलत होता. मग पडद्यावरच्या बॉलरने नाडी बांधली, धावला, बॉल टाकला आणि बॅट्समन आउट झाला. हॉलमध्ये कुणीही ओरडलं नाही. इंटरनेटवरून येणारी मॅच खऱ्या मॅचच्या बॉलभर मागे चालत होती, आणि हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात मैदानातला एकेक नातेवाईक होता.

आबा परत उशीवर टेकले. "शिली मॅच हाय," ते हळूच म्हणाले. "पोरी, तू केलास ते बरोबर हाय. पन शिली मॅच मी बगनार नाय. समद्यांना ठावं झाल्यावर मना कललं, तर मी तिथं नव्हतोच." आणि मग नानाकाकांकडे न बघता, "इंजिन चालू कर."

माणूस बुडताना म्हणे सगळं आयुष्य डोळ्यांपुढून जातं. माझ्या डोळ्यांपुढून फक्त एक वस्तू गेली. ती टीव्हीखाली होती, रिकामी, झाकण उघडं, दोन बर्नरच्या शेगडीएवढी.

"सगळ्यांनी मोबाईल काढा!" मी ओरडले. आवाज आजीकडून आलेला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरूसुद्धा मोबाईल घेऊन खाली आले. "नाना, तुझी पेटी!"

नानाकाकांना समजायला अर्धा क्षण लागला. मग त्यांची छाती फुगली. त्यांनी पेटी दोन्ही हातांनी उचलून हॉलच्या मधोमध ठेवली आणि रेशनच्या दुकानात उभं करावं तसं गल्लीला रांगेत उभं केलं. एकेक मोबाईल आत पडला. काकीने स्वतःचा टाकताना मुलाला सांगितलं, "ठेव बाला, आता देवाच्या हातात." पेटी काठोकाठ भरली. एवढी मोठी पेटी का केली असं ज्यांनी ज्यांनी नानांना विचारलं होतं त्या सगळ्यांकडे नानांनी एकेक करून बघितलं. मग झाकण लावलं, गोफासकट वाकून कुलूप घातलं. आतून एक मोबाईल क्षीणपणे वाजला. आजीने परातीतल्या उकडीचा गोळा घेतला आणि वायरींच्या भोकात गच्च बसवला. वाजणं थांबलं.

"मोबाईलची पोपटी लावली," आजी म्हणाली. थंडीत आमच्याकडे वालाच्या शेंगा मडक्यात कोंडून जाळावर लावतात, ती पोपटी. "आता शिजू दे."

आता त्या हॉलमध्ये पुढचा बॉल काय होणार हे देवालाही माहीत नव्हतं, कारण देवाचा मोबाईलसुद्धा पेटीतच असावा. मॅच ताजी झाली. आबा पुन्हा कोपरावर उठले. "छत्री," ते म्हणाले. मी आणून दिली. त्यांनी पलंगावर, हॉलमध्ये, पंख्याखाली ती काळी छत्री उघडली, आणि खरं सांगते, समोरच्या टीमचा बॅट्समन त्याच क्षणी पडद्यावर डोळे चोळायला लागला.

शेवटची ओव्हर आली. समोरच्यांना एक मोठा फटका पुरे होता. बॅट्समनने बॅट फिरवली, बॉल आभाळात गेला, दादूस लाँगऑनवरून मागे मागे धावत निघाला, आणि चित्र थिजलं. बॉल आभाळात. दादूसचं तोंड उघडं, एक पाय जमिनीवर, एक हवेत. मधोमध ते गोल फिरणारं चक्र. आजी विंझण्याने टोपलीला अशी झोडपायला लागली की बोर्ड उडून जाईल असं वाटलं. मी माउस धरून त्याला शिव्या आणि नवस दोन्ही एकदम घालत होते. अख्खी गल्ली मान वर करून त्या लटकलेल्या बॉलखाली उभी होती.

आणि बाहेरून, तलावापलीकडून, फटाके वाजले. एक माळ. मग दुसरी.

आबांनी छत्री खाली केली. "यो कसला आवाज?"

 आजी आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती, मासळीवालीशी सोडून. ती विंझणा न थांबवता म्हणाली, "हलद असंल कुनाची."

"हलद? पौषात?"

"घाई असंल त्यांना."

आणि चित्र सुटलं. बॉल खाली आला, दादूस मागे झुकला, टाच दोरीला लागते की काय असं वाटलं, आणि बॉल त्याच्या दोन्ही हातांत येऊन असा बसला की परत जायचं नावच काढेना. त्यानंतर आमच्या घराचा आवाज किती मजली झाला ते मी सांगत नाही, कुणी विश्वास ठेवणार नाही. नानाकाका आजीला उचलून नाचले. वरचे भाडेकरू, ज्यांना पडद्यावरची आमची टीम कुठली हेही माहीत नव्हतं, ते एकमेकांच्या गळ्यात पडून रडले.

मग नानांनी कुलूप काढून झाकण उघडलं, आणि पेटीतले सगळे मोबाईल एकदम वाजायला लागले. किती तरी रिंगटोन, आरत्या, हळदीची गाणी, कोंबडा आरवणारा एक, सगळे एका सुरात. नानाकाका पेटीवर हात ठेवून म्हणाले, "माल बग. कलंबोलीचा."

त्या गोंधळातून मी आबांचा मोबाईल शोधून त्यांच्या कानाला लावला. पलीकडे दादूस होता, घसा बसलेला, मागे ढोलताशे. "आबा! आबा, जिंकलो आपन! शेवटचा कॅच..."

"मना नको सांगू," आबा म्हणाले. "डावी टाच दोरीला लागली असती. बोटभर आत उबा राहा म्हनून कवाचा शिकवलाय ना तुना?"

पलीकडे ढोल वाजत राहिले. मग दादूसचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा. "आबा... तू ग्राउंडवर आयलास काय?"

आबांनी टोपलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "व्हय," ते म्हणाले. "काजल घेऊन आयली."